हनोईजवळ खेडेगावातलं जुनं देऊळ बघायचंय, एकच दिवस आहे आणि सोबत आई आहे

शेवंती:
नमस्कार मंडळी. आम्ही दोघी, मी आणि आई (वय ७१, गुडघे दुखतात पण सपाटीवर छान चालते), नोव्हेंबरमध्ये व्हिएतनामला जातोय. ई-व्हिसा झाला, हॉटेलं झाली, सगळं ठरलं आणि हनोईत एक दिवस मोकळा राहिलाय. ट्रॅव्हलवाले म्हणतात बाय दिन्हला जा, मोठ्ठं देऊळ आहे, सगळे जातात. पण आईचं म्हणणं असं की मोठं नको, जुनं दाखव, जिथे गावातली माणसं रोज येतात असं एखादं, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच हवंय. मी दोन रात्री वाचत बसले तरी गोंधळ संपेना, कुठे टेंपल लिहितात कुठे पॅगोडा, अंतरं वेगवेगळी, फोटो सगळे सारखेच. कोणी स्वतः गेलंय का खेडेगावात? पायऱ्या फार नकोत. आणि आई देवळात गेली की हात जोडून बराच वेळ बसते, तेव्हा घाईघाईने चार ठिकाणं करायची नाहीयेत. जे काही माहीत असेल ते सांगा प्लीज.

रानवारा:
शेवंतीताई, आईंचं बरोबर आहे. बाय दिन्हचं जे भव्य संकुल सगळे बघतात ते अगदी अलीकडचं, काम २००३ ला सुरू झालं. जुनं बाय दिन्ह तिथेच वर डोंगरात गुहेत आहे, ११३६ चं, पण ते छोटंसं आहे आणि पायऱ्या चढून जावं लागतं, बहुतेक टूरवाले तिथे नेतच नाहीत. मोठं संकुल वाईट आहे असं मी म्हणत नाही, लोक श्रद्धेने येतात तिथेही, पण तुम्हाला जे हवंय ते तिथे मिळणार नाही.

आधी शब्दांचा गोंधळ सोडवू कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. व्हिएतनामीत बुद्धाच्या देवळाला चुआ म्हणतात आणि इंग्रजी पाट्यांवर त्याचंच पॅगोडा होतं, मग तिथे मनोरा असो नसो. देन म्हणजे राजे, वीर, देवता यांचं देऊळ, त्याचं टेंपल होतं. आणि दिन्ह म्हणजे गावाच्या ग्रामदैवताचं सभागृह, जुन्या काळी गावकीच्या बैठका तिथेच व्हायच्या. तुम्हाला हवंय ते गावातलं चुआ. नकाशावर शोधताना चुआ टाकून शोधा, टेंपल टाकलं की भलतंच काहीतरी येतं.

माझं मत विचाराल तर डोळे मिटून चुआ जौ आणि चुआ बुत थाप. दोन्ही बाक निन्ह प्रांतात थुअन थान्ह भागात, हनोईपासून साधारण ३० किलोमीटर, गाडीने तासभर, आणि एकमेकांपासून चार-पाच किलोमीटरच्या आत. जमीन सपाट, डोंगर नाही, पायऱ्या म्हणजे जोत्याच्या दोन-तीन. जौचं स्पेलिंग बघून ड्रायव्हरला डौ म्हणाल तर त्याला कळणार नाही, उत्तरेत त्या डीचा उच्चार आपल्या जहाजातल्या ज सारखा करतात. आणि एक, २०२५ च्या जुलैत तिथे प्रांतांची फेररचना झाली, जिल्हे रद्द झाले, बाक जियांग बाक निन्हमध्ये आलं, त्यामुळे जुन्या ब्लॉगवरचे पत्ते आणि आत्ताचे नकाशे जुळत नाहीत. घाबरू नका, देवळं जागच्या जागी आहेत.

जुनीवही:
रानवारा यांना पूर्ण अनुमोदन. मी तीन वर्षांपूर्वी फक्त जौसाठी एक दिवस जास्त राहिलो होतो, तेव्हा थोडं मोठं लिहितो, चालवून घ्या.

चुआ जौ हे व्हिएतनाममधलं सगळ्यात जुनं बौद्ध देऊळ मानलं जातं. ही जागा म्हणजे पूर्वीचं लुय लाउ, चिनी हान राजवटीच्या काळात या भागाचं ठाणं, आणि समुद्रमार्गे येणारे भारतीय व्यापारी आणि भिक्षू इथवर पोचत होते. परंपरेने देवळाची सुरुवात दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, तिसऱ्याच्या आरंभी धरतात. आज उभी असलेली इमारत अर्थातच तेवढी जुनी नाही, पडत-बांधत आलेली आहे, १३१३ मध्ये माक दिन्ह ची नावाच्या मोठ्या विद्वान अधिकाऱ्याने इथे मोठं बांधकाम केलं, शंभर खणांचं देऊळ, नऊ मजली मनोरा आणि नऊ कमानींचा पूल असं त्याचं वर्णन करतात. त्या मनोऱ्याचे आता तीनच मजले राहिलेत, होआ फोंग म्हणतात त्याला, अंगणाच्या मधोमध उभा आहे, जाड भाजलेल्या विटांचा, बुटका आणि रुंद, आणि शेजारी गवतात एक दगडी मेंढी बसलेली आहे. त्या मेंढीची पाठ हात लावून लावून गुळगुळीत झाली आहे.

आता कथा सांगतो कारण ती माहीत नसेल तर आतली मूर्ती कळत नाही. मान न्युओंग नावाची एक गरीब मुलगी होती, देवळात सेवा करायची. तिथे खाउ दा ला नावाचा भारतातून आलेला भिक्षू राहत होता. एका रात्री ती दारात झोपली होती, तो तिला ओलांडून आत गेला आणि तिला दिवस राहिले. मुलगी झाली ती चांद्र चौथ्या महिन्याच्या आठव्या दिवशी. भिक्षूने ते बाळ एका मोठ्या झाडाच्या पोटात ठेवलं, झाड मिटलं, आणि मान न्युओंगला त्याने एक काठी दिली की दुष्काळ पडला तर ही जमिनीत रोव, पाणी लागेल. तसा दुष्काळ पडला, तिने काठी रोवली, गावं वाचली. पुढे वादळात ते झाड उन्मळून नदीत पडलं आणि वाहत लुय लाउपाशी येऊन अडलं, शेकडो माणसांनी ओढलं तरी हलेना, मान न्युओंगने नुसता कमरेचा शेला बांधून ओढलं आणि ते काठाला लागलं. त्या खोडातून चार मूर्ती घडवल्या, ढग, पाऊस, गडगडाट आणि वीज. फाप वान, फाप वू, फाप लोय, फाप दियेन. चार बहिणी, चार गावांत चार देवळं.

जौमध्ये बसली आहे ती थोरली, ढगाची. गडद तपकिरी रंगाची मोठी बैठी मूर्ती, चेहरा शांत, आणि मला तरी ती बुद्धापेक्षा एखाद्या घरातल्या कर्त्या बाईसारखी वाटली. भात पिकवणाऱ्या मुलखात पाऊस हाच देव असणार, त्यांनी बुद्धाला आणलं आणि पावसाच्या आयांना हाकललं नाही, दोघांना एका छपराखाली बसवलं, मला हे फार फार आवडतं. पावसाच्या बहिणीचं स्वतःचं देऊळ फ्रेंचांविरुद्धच्या युद्धाच्या काळात नष्ट झालं, म्हणून तीही आता थोरलीकडेच असते. चांद्र चौथ्या महिन्याच्या आठवीला, म्हणजे साधारण मे महिन्यात, उत्सव असतो तेव्हा बहिणींच्या पालख्या निघतात आणि आईच्या, म्हणजे मान न्युओंगच्या, देवळाला जातात. तुम्ही नोव्हेंबरात जाताय त्यामुळे ते चुकेल पण गर्दीही नसेल.

आणखी एक. ५८० मध्ये विनीतरुची नावाचे भारतीय भिक्षू चीनमार्गे इथे आले, याच देवळात राहिले आणि इथेच ५९४ मध्ये वारले, व्हिएतनाममधल्या ध्यान परंपरेची एक जुनी शाखा त्यांच्या नावाने आहे. मी तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराला अन दो म्हणालो, म्हणजे इंडिया, तर तो उठून मला हाताला धरून आत घेऊन गेला. भाषा एकमेकांची येत नव्हती. तरी अर्धा तास त्याने मला एकेक मूर्ती दाखवली.

पायवाट७२:
मी जरा वेगळं सांगतो. शिल्पं बघायची असतील तर पश्चिमेला ताय फुओंगला जा, तिथल्या अठराव्या शतकाच्या शेवटच्या लाकडी मूर्तींना तोड नाही, एकेका म्हाताऱ्या साधूच्या बरगड्या, सुरकुत्या, विचारात पडलेले चेहरे, मी एका मूर्तीसमोर वीस मिनिटं उभा होतो. आणि जवळच चुआ थाय आहे, तळ्यात पाण्यावरच्या बाहुल्यांचा जुना रंगमंच आहे, छोटं छप्पर पाण्यात उभं. पण ताय फुओंगला २३९ पायऱ्या आहेत जांभ्या दगडाच्या, तेव्हा तुमच्या आईंच्या गुडघ्यांसाठी नाही. पुढच्या वेळी एकट्या जाल तेव्हा लक्षात ठेवा.

शेवंती:
बापरे किती छान लिहिलंत सगळ्यांनी, जुनीवही तुमची कथा मी आईला वाचून दाखवली, ती म्हणाली चौघी बहिणी म्हणजे सातीआसरांसारख्याच की. जौ आणि बुत थाप नक्की. आता बारीक प्रश्न. १) बुत थापमध्ये काय बघायचं नेमकं? २) स्कूटर भाड्याने घेऊन मी आईला मागे बसवून नेऊ का, मला येते चालवता आणि सगळे म्हणतात तिथे कोणी विचारत नाही. ३) आम्ही दोघी शाकाहारी. ४) देवळात वागायचं कसं, काही चुकून कोणाला वाईट वाटायला नको.

उनाडपाखरू:
स्कूटरचं आधी. नका घेऊ. कोणी विचारत नाही हे खरं नाही, अडवतात. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे मिळणारं आंतरराष्ट्रीय लायसन्स १९४९ च्या कराराखालचं असतं, व्हिएतनाम १९६८ चा करार मानतं, त्यामुळे ५० सीसीच्या वरच्या गाडीला ते तिथे चालत नाही. म्हणजे पोलिसांनी सोडलं तरी काही झालं तर विमा कंपनी हात वर करेल. आईंना मागे बसवून धरणाइतक्या उंच नदीबांधावरून ट्रकांच्या शेजारून जायचं, कशाला.

ग्रॅबची (म्हणजे ओला-उबरसारखी ॲपवरची) गाडी करा पण एकाच फेरीची नको. जाताना गाडी लगेच मिळते, गावातून परत येताना मिळत नाही, मी बांधावर पाऊण तास उभी होते, अंधार पडत होता आणि शेवटी एका चहावालीने तिच्या भाच्याला बोलावलं. हॉटेलला सांगून अर्ध्या दिवसाची किंवा दिवसाची गाडी ठरवा, थांबण्याचे पैसे आणि टोल धरून एकच आकडा डोंगमध्ये, म्हणजे तिथल्या चलनात, कागदावर लिहून घ्या. शून्यं मोजून बघा, वीस हजार आणि पाच लाखाच्या नोटा घाईत सारख्याच वाटतात.

आणि वेळ! सकाळी साडेसातला निघा. गावातली देवळं दुपारी सुस्तावतात, जेवून झोपायची पद्धत आहे तिथे, आम्ही बाराच्या सुमारास पोचलो तर मुख्य मंडपाला कुलूप होतं आणि ज्याच्याकडे किल्ली तो दोरीच्या झोळीत गाढ झोपलेला, त्याला उठवायचं मन होईना. दोनपर्यंत अंगणात बसलो. वाईट नाही वाटलं पण तुम्हाला एकच दिवस आहे.

रानवारा:
बुत थापबद्दल. दुओंग नदीच्या बांधाला लागून आहे, बांधावरूनच त्याचा दगडी मनोरा दिसतो, पाच मजली, तेरा मीटर उंच, वर टोकदार, शाईच्या कुंचल्यासारखा. १८७६ मध्ये सम्राट तू दुक तिथून जात असताना त्याला तो कुंचल्यासारखा दिसला आणि तेव्हापासून बुत थाप म्हणजे लेखणीचा मनोरा हे नाव पडलं असं सांगतात. देवळाचं खरं नाव निन्ह फुक. सतराव्या शतकाच्या मध्यावर त्रिन थी न्गोक त्रुक या राणीने ते मोठं करून घेतलं, ती पुढे स्वतः इथेच भिक्षुणी होऊन राहिली.

आत सरळ जा, घाई करू नका, डोळे अंधाराला सरावू द्या. मग दिसते ती हजार हातांची क्वान आम, म्हणजे आपला अवलोकितेश्वर, तिथे स्त्रीरूपात. लाकडावर रोगण आणि सोनेरी मुलामा, बैठकीसकट ३.७ मीटर उंच, १६५६ ची, आणि ते वर्ष आणि घडवणाऱ्याचं त्रुओंग हे आडनाव मूर्तीवरच कोरलेलं आहे, त्या काळच्या मूर्तींवर असं फार क्वचित सापडतं. अकरा मस्तकं, ४२ मोठे हात, आणि मागे प्रभावळीसारखे शेकडो छोटे हात, प्रत्येक तळव्यात एक डोळा. २०१२ मध्ये तिला राष्ट्रीय ठेव्याचा दर्जा मिळाला. फोटोत ती भीतीदायक वाटते. समोर उभं राहिल्यावर तसं अजिबात वाटत नाही, मोठे हात इतके गोल आणि मऊ आहेत की जणू पाण्यात हलतायत. दुःख बघायला डोळा आणि ते पुसायला हात, दोन्ही एकाच ठिकाणी, तिथल्या एका भिक्षुणीने खुणांनी हे समजावलं तेव्हा माझ्या डोळ्यात पाणी आलं.

तिथून मागे कमळाच्या कुंडावरून छोटा दगडी पूल आहे, पलीकडे नऊ थरांचा लाकडी फिरता मनोरा. आणि मुख्य मंडपाभोवतीचे दगडी कठडे चुकवू नका, त्यावर प्राणी, पक्षी, पानंफुलं कोरलीत, आईंना तिथे बसताही येईल.

आता वागणं. देवळाला तीन दारांचं वेशीसारखं द्वार असतं, मधलं दार मान्यवरांचं आणि भिक्षूंचं, आपण आत जाताना उजव्या हाताच्या दाराने आणि बाहेर डाव्या. उंबरठा उंच असतो, त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा, हे आईंना सांगायची गरज नाही. आतल्या मंडपात चपला काढून. खांदे आणि गुडघे झाकलेले. उदबत्त्या विषम संख्येत, एक किंवा तीन पुरे, आणि शक्यतो बाहेरच्या मोठ्या पात्रात लावा, आत लाकडाची कामं आहेत. पैसे मूर्तीच्या हातात, मांडीत खोचू नका, तिथले लोकही कधी कधी करतात पण देवळांना ते आवडत नाही, दानपेटी असते. बुद्धासमोर शाकाहारीच वाहतात, फळं, फुलं, गोडाचं. फ्लॅश नको, आणि कोणी प्रार्थना करत असेल तर त्याच्यासमोर जाऊन फोटो नको.

आत शिरल्यावर दोन प्रचंड मातीचे द्वारपाल दिसतात, एक चांगल्याला उत्तेजन देणारा आणि एक वाईटाला धाक घालणारा. आणि बाजूला लाल चेहऱ्याची एक बैठी मूर्ती असते, दुक ओंग, देवळाचा रखवालदार, लोक आधी त्याला नमस्कार करून मग आत जातात. तो कोण माहितीये? श्रावस्तीचा अनाथपिंडिक, ज्याने बुद्धासाठी जेतवन विकत घेतलं तो. मला हे कळलं तेव्हा मी परत मागे जाऊन त्याला नीट नमस्कार केला.

लोक एकमेकांना हात जोडून आ जी दा फत म्हणतात. ते अमिताभ बुद्धच आहे. पुढे नाम मो लावलं की नमो अमिताभ. तुम्ही म्हणालात की समोरची आजी हसणारच.

जेवणाचं, तोइ अन चाय म्हणजे मी शाकाहारी, पण तेवढ्यावर थांबू नका, नुओक माम म्हणजे माशाचा सॉस तो भाज्यांतही घालतात, तो नको हे फोनवर व्हिएतनामीत लिहून ठेवा. चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला बरेच लोक स्वतः शाकाहार करतात, तेव्हा सोपं जातं. तुमचा मोकळा दिवस त्यातला एखादा निघाला तर सोन्याहून पिवळं, सकाळी गावातल्या सगळ्या बायका देवळात असतात.

जुनीवही:
वेळ उरला तर बुत थापजवळच बांधाच्या कडेला दोंग हो गाव आहे, लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांचं. झाडाच्या सालीचा कागद, त्यावर शिंपल्यांची पूड भाताच्या खळीत कालवून लावतात, त्यामुळे कागद उन्हात मंद चमकतो. रंग नैसर्गिक. उंदराच्या लग्नाच्या वरातीचं चित्र घ्याच, वाटेत मांजराला भेट देऊन खूश करतायत. एके काळी सगळं गाव हेच करायचं, आता मोजकी घरं उरलीत, बाकीची कागदी पूजासाहित्य बनवतात, म्हणून घ्यायचंच तर त्यांच्याकडूनच घ्या, हनोईच्या दुकानातून नको. पण दोन देवळं झाल्यावर आई दमल्या असतील तर सोडून द्या.

शेवंती:
आलो परत! उशीर झाला लिहायला, माफ करा. आम्ही पौर्णिमेलाच गेलो, दिवस बदलून घेतला. आठ चाळीसला जौला पोचलो. अंगणात पंधरा-वीस म्हाताऱ्या बायका, तपकिरी झगे, दात काळेभोर झालेल्या दोघी-तिघी, आणि एक बाई जमिनीवर बसून विडे लावत होती. पान, सुपारी, चुना! आईने ते बघितलं आणि सरळ तिच्याशेजारी जाऊन बसली, दुसरं पान घेतलं, शिरा काढल्या, चुना लावला आणि आपली घडी घालून तिच्या हातात दिलं. त्यांची घडी वेगळी असते, टोक खोचतात. मग ती सगळी मंडळी आईभोवती, ही घडी परत दाखव, परत दाखव. मला कळेपर्यंत आई त्यांच्यासोबत ताटं आत घेऊन गेली होती आणि त्या ढगाच्या मूर्तीसमोर त्यांच्याच रांगेत बसली होती, त्या त्यांचं म्हणत होत्या आणि ही तिचं रामरक्षा म्हणत होती, दोन्ही आवाज हळूहळू एका लयीत आले. मी फोटो नाही काढला.

जौमध्येच साडेअकरा झाले. ड्रायव्हर म्हणाला बुत थापला आता जाऊन उपयोग नाही, कुलूप असेल. आणि जेवायला कुठे नेऊ विचारत होता तेवढ्यात त्या बायकांनीच बसवलं, देवळाच्या मागे चटईवर, भात, टोफू, उकडलेला पालेभाजीसारखा काहीतरी, शेंगदाण्या-तिळाचं कूट, पौर्णिमा म्हणून सगळं शाकाहारी. पैसे घेईनात, मग दानपेटीत टाकले.

बुत थापला दोनला. पायवाट७२, तुम्ही ताय फुओंगच्या मूर्तीसमोर वीस मिनिटं म्हणालात ना, आई हजार हातांसमोर पाऊण तास बसली होती. बाहेर आल्यावर फक्त म्हणाली की मागच्या छोट्या हातांतले काही झिजलेत, कोणीतरी रोज पुसत असणार. दोंग हो राहिलं. विड्याची ती खोचलेली घडी आईला अजून जमत नाहीये, रोज जेवण झालं की एक पान घेऊन बसते.